पाऊस देवाचा, बांध आपला

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात चांदे येथे झालेलं प्रवचन. बोललेलं तसंच ठेवून लिहिण्यापुरती थोडी दुरुस्ती केली आहे.)





आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली पताका खांद्यावर घेतली त्यातलं आज कोणी नाही. पण तो काळ कसा होता ते जरा आठवा. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. १९२१ साली आपल्याच मुळशी तालुक्यात धरणाखाली जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. एकीकडं पोटाखालची जमीन जायची धास्ती, दुसरीकडं आळंदीत ग्रंथ शिकवायला माणसं तयार होतायत, अशा दिवसांत आपल्या आज्या-पणज्यांनी दिंडी धरली. गावात अक्षर ओळखणारी माणसं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी. एकानं कंदिलापाशी बसून वाचायचं आणि बाकीच्यांनी गुडघ्याला मिठी मारून ऐकायचं. वाचणारा एक, पण ग्रंथ सगळ्यांच्या पोटात उतरायचा. आज घरोघर ज्ञानेश्वरी आहे, मोबाइलमध्येसुद्धा आहे. तो किती पोटात उतरतो, त्याचाच आज विचार करायचा आहे.

मागच्या वारीत दिवे घाट चढताना एका पोरानं मला प्रश्न विचारला. पोरगा हिंजवडीत कंपनीत आहे, दोन मुक्कामांपुरती सुट्टी काढून आला होता. म्हणाला, "काका, तुम्ही सांगता ज्ञानेश्वरीनं माणूस तरतो. मग तारतं कोण? ग्रंथ तारतो, देव तारतो, का ज्याचं त्यानं तरायचं? देवच तारणार असेल तर हा घाट चढायचा कशाला? आणि आपलं आपणच तरायचं असेल तर देवाचं काम काय?"

मी त्याला म्हटलं, "आधी घाट चढ, सासवडला सांगतो." खरं सांगायचं तर दम लागला होता म्हणून नव्हे, उत्तर सुचलं नव्हतं म्हणून तसं म्हटलं. सासवडलाही मला नीट सांगता आलं नाही. ते उत्तर आज त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही शोधायचं आहे.

आपण नेवाशाला जाऊ. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साल. प्रवरेच्या काठी ज्ञानोबा माउली पोचतात. वय पंधरा-सोळा वर्षांचं. परंपरा अशी सांगते की त्याच वेळी गावातून एक प्रेतयात्रा चालली होती. मेलेल्या माणसाची बायको वाटेत माउलींच्या पाया पडली. माउलींच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद निघून गेला. मग कळलं की नवरा तर तिरडीवर आहे. माउली पुढं झाले, हात लावला, आणि तो उठून बसला. तेच सच्चिदानंदबाबा. पुढं खांबाला टेकून माउली गीतेचा अर्थ मराठीत बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा तो लिहून घेत गेले. नऊ हजारांच्या आसपास ओव्या त्या हातानं लिहिल्या.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि मेलेला उठला या चमत्कारापाशी थांबतो. मला त्याच्या पुढचं जास्त मोलाचं वाटतं. तिरडीवरून उठणं त्यांच्या हातात नव्हतं. मेलेला माणूस कसला प्रयत्न करणार? ते सगळं माउलींच्या कृपेचं. पण उठल्यावर ते घरी जाऊन राहिलेला संसार करत बसले असते तर त्यांना कोण काय म्हणणार होतं? ते लेखणी घेऊन माउलींच्या समोर बसले. जीव मिळाला तो दान म्हणून. त्या जिवाचं काय करायचं, हे मात्र त्यांनी ठरवलं.

आणि जे लिहिलं तेही कोणासाठी? अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडं माउली एक फार धाडसी गोष्ट बोलतात. ओवी तुम्हांला पाठ आहे, मी अर्थ तेवढा सांगतो. ते म्हणतात, वेद फार श्रीमंत, पण त्याच्याइतका कंजूषही दुसरा नाही. कारण तो तीन वर्णांच्याच कानाशी लागला आणि बाईमाणसं, शूद्र यांना दारात उभं ठेवून गप्प बसला. ही उणीव त्यालाच बोचली म्हणून तो गीतेच्या रूपानं पुन्हा आला, सगळ्यांना मिळावा म्हणून. आणि तीच गीता माउलींनी मराठीत आणली. म्हणजे बघा, आपल्या संप्रदायात ग्रंथ आपल्याकडं चालत आलेला आहे. आपण त्याच्याकडं आधी गेलो नाही. तान्ह्या लेकरानं आईला हाक मारायच्या आधी आईच त्याच्याशी बोलते, आणि ते ऐकून ऐकून लेकरू बोलायला शिकतं. ग्रंथ आपल्याशी असा आधी बोलला आहे.

पण त्याला चालत यायला पाय माणसांचेच लागले. नेवाशाला सच्चिदानंदबाबा. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असं परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग चाकणच्या संताजी जगनाड्यांनी लिहिले, ते तेली समाजाचे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये चुका शिरल्या, कोणी आपल्याच ओव्या घुसडल्या, तेव्हा पैठणच्या नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध करून ठेवली. आणि ज्यांची नावं कुठंच नाहीत असे आपले गावोगावचे विणेकरी. देवानं शब्द दिला, आणि तो पुढच्या दारापर्यंत पोचवायचं काम माणसांवर सोपवलं.

आता पोराच्या प्रश्नाकडं येतो. गीता उघडली तर सुरुवातीला गोंधळच होतो. सहाव्या अध्यायात देव म्हणतात, ज्यानं त्यानं स्वतःच स्वतःला वर काढावं, आपणच आपले भाऊबंद आणि आपणच आपले वैरी. बाराव्या अध्यायात तेच देव म्हणतात, जे माझ्यावर भार टाकतात त्यांना संसाराच्या समुद्रातून मी स्वतः वर काढतो. आता काय धरायचं? एकाच तोंडानं दोन्ही?

सहाव्यात माउली पोपटाचा दृष्टांत देतात. पारधी एक नळी टांगून ठेवतो. पोपट येऊन तिच्यावर बसतो. त्याच्याच वजनानं नळी फिरते, पोपट उलटा होतो, आणि पडू या भीतीनं नळी आणखी घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेलं नाही. पाय मोकळे आहेत, पंख शाबूत आहेत. सोडायचा अवकाश, की उडाला. पण तो सोडत नाही, आणि पारधी सावकाश येऊन त्याला धरून नेतो. सहाव्या अध्यायाचं सांगणं एवढंच आहे की तुझा पाय तूच काढला पाहिजेस. देव येऊन तुझी बोटं उचकटत बसणार नाही.

बाराव्यात माउली समुद्राचं चित्र काढतात. जन्ममरणाच्या लाटांत माझे भक्त सापडले, ते भ्यायले असतील, म्हणून मी धावून आलो, असं देवाच्या तोंडी घालतात. देवानं आपल्या हजार नावांच्या होड्या करून ठेवल्या. जे सडे, एकटे होते त्यांना ध्यानाच्या कासेला लावलं. बायकापोरांचा लवाजमा घेऊन आलेल्यांना तराफ्यावर घातलं. आणि कोणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून पैलतीराला आणलं. पोहायला शिकताना आपण पोराच्या कमरेला सुका भोपळा बांधतो ना, तशी. संसार सोडून या, मग बघतो, असं देव म्हणत नाही. तो संसारासकट आपली सोय करतो.

आणि त्याच अध्यायात पुढं बघा, देव पायरी कशी खाली खाली आणतो. मन माझ्यात ठेव. नाही जमत? मग थोडा थोडा अभ्यास कर. तोही नाही जमत? मग जे काम करतोस ते माझ्यासाठी कर. तेही नाही? मग निदान फळाचा हट्ट सोड. आपला पाय पोचेल तिथपर्यंत देव पायरी आणून ठेवतो. पण तिच्यावर पाय ठेवायचा तो आपणच.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांमध्ये या प्रश्नावर मोठा वाद झाला. वडकलै मंडळी म्हणाली, माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून राहतं, तसं जीवानं देवाला धरलं पाहिजे. तेंकलै म्हणाले, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तसा देव नेतो. दोन्हीकडं मोठे विद्वान होते. मी शेतकरी माणूस, त्या वादात कशाला पडू? मला आपल्या खाचराचाच दृष्टांत समजतो.

आपल्या मावळात भात होतं ते पावसावर. आता पाऊस पाडणं कोणाच्या हातात आहे का? राब भाजला, रोप टाकलं, चिखलणीची तयारी केली, पण ढग ओढून आणता येत नाही. आला तर त्याच्या मर्जीनं येतो, आणि येतो तेव्हा कोणाचा सातबारा बघून पडत नाही. डोंगरावर पडतो, रस्त्यावर पडतो, चांद्यात पडतो तसा नांद्यात पडतो. पण पडलेलं पाणी खाचरात उभं राहायचं तर बांध लागतो. बांध नसेल तर तोच पाऊस माती घेऊन ओढ्यातून नदीत जातो. बांध घातला म्हणून मी पाऊस पाडला असं कोणी म्हणेल का? आणि पाऊस देवाचा आहे म्हणून बांध घातलाच नाही, तर आवणी कशात करायची? कृपा पावसासारखी आहे आणि आपलं करणं बांधासारखं. ग्रंथ हा कृपेचा पाऊस आहे. सातशे वर्षांवर पडतोय, आटला नाही.

आणि एक गोष्ट तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. बांध दिसायला धडधाकट असतो, पण मुठा खेकडा आतून एक भोक पाडून ठेवतो. संध्याकाळी भरलेलं खाचर सकाळी रिकामं. शेतकरी आभाळाकडं बघतो, पाऊस कमी झाला म्हणतो. भोक मात्र त्याच्याच बांधाला असतं.

माझ्या बांधाला असं भोक होतं. आज शताब्दीच्या व्यासपीठावर बसलोय म्हणून ते लपवणं बरं नाही. निम्म्या मांडवाला ठाऊक आहेच, उरलेल्यांनाही कळू दे.

माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, खाचर एकाला एक लागून. मध्ये एक बांध. वडील होते तोवर त्या बांधावर दोघांची पोरं बसून भाकरी खायची. वडील गेले, वाटणी झाली. पुढं आपल्या भागात रस्ते आले, कंपन्या आल्या, जमीन गुंठ्यावर मोजायला लागली. आणि माझ्या मनात शिरलं. चिखलणीच्या वेळी टिलर जरा बांधाला घासून न्यायचा. एका वर्षी चार बोटं, पुढच्या वर्षी चार बोटं. तुम्ही हसताय, म्हणजे बांध कोरणं काय असतं ते तुम्हांलाही माहीत आहे. दादाच्या ध्यानात आलं. बोलाचाली झाली. मग मोजणी, मग कोर्ट, मग तारखा. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या नातवाच्या बारशाला मी गेलो नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तो मांडवाच्या बाहेर उभा राहून अक्षता टाकून गेला.

आणि या सातही वर्षांत, मंडळी, श्रावणातलं माझं ज्ञानेश्वरीचं पारायण एकदाही चुकलं नाही. व्यासपीठ चालवायला मीच. लोक पाया पडायचे. दादा देवळात मागच्या खांबाला टेकून बसायचा आणि आरती झाली की निघून जायचा.

आठव्या वर्षी तेरावा अध्याय चालू होता. ज्ञानाची लक्षणं. त्यात माउली अहिंसा सांगतात. ज्याच्या अंगी ती मुरली तो माणूस जमिनीवर पाऊल कसं टाकतो? कमळावर भुंगा पाय टेकतो, आतला केसर चुरगळेल या भीतीनं अगदी हळुवार, तसं. ही ओवी मी जन्मात किती वेळा वाचली असेल त्याचा हिशोब नाही. चाल मला पाठ, सूर मला पाठ. पण त्या दिवशी भुंग्याच्या पायापाशी माझा आवाज अडकला. मला टिलरचं चाक दिसलं. भुंगा फुलावर पाय ठेवताना भितो, आणि मी थोरल्या भावाच्या बांधावर लोखंड घालताना भ्यायलो नाही. समोर माणसं बसली होती, त्यांना वाटलं घसा बसला. कोणीतरी पाणी आणून दिलं. मी पुढं वाचलं, अध्याय संपवला, पण त्यातलं मला काही आठवत नाही.

ओवी तीच होती, आवाज माझाच होता. मग त्याच दिवशी का लागली? मला सांगता येत नाही. मी काही जास्त पुण्य केलं नव्हतं, उलट पापच चालू होतं. म्हणून मी तिला कृपा म्हणतो. ती माझ्या कमाईची नाही. पारायणं मोजून ती मिळाली असती तर सात वर्षांपूर्वीच मिळायला हवी होती.

पण ऐका, इथं गोष्ट संपली नाही. ओवी लागली म्हणून बांध जागेवर आला का? नाही. माझ्या घरापासून दादाचं घर चाळीस पावलं. ती चाळीस पावलं चालायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी वाटलं, आधी वकिलाला विचारू. दुसऱ्या दिवशी वाटलं, तो थोरला आहे, त्यानंच बोलवावं. तिसऱ्या दिवशी पाऊस होता. आपण नळी किती घट्ट धरून बसतो बघा! पोपटाला निदान पडायची भीती असते. मला कसली होती? चार बोटं जमिनीची.

चौथ्या दिवशी गेलो. वहिनीनं दार उघडलं, काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केला. दादा ओसरीवर बसला होता. मी म्हटलं, "दादा, बांध मी कोरला." एवढंच बोलता आलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दरवर्षी मी पारायणाला यायचो, ते तू वाचतोस कसा हे ऐकायला नव्हे. तू कधी ऐकतोस ते बघायला यायचो." त्या वैशाखात आम्ही दोघांनी आणि आमच्या पोरांनी मिळून बांध मूळ जागेवर घातला. सगळं लगेच गोड झालं असं नाही सांगत. कोर्टातलं प्रकरण मिटायला वेळ लागला, आणि माणसाच्या मनातलं मिटायला त्याहून जास्त. पण आज दादा याच मांडवात, विण्याजवळ बसलाय. त्याला विचारून मगच मी हे बोलतोय.

तर पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. ओवी लागणं हे माझं काम नव्हतं, आणि ती चाळीस पावलं चालणं देवाचं काम नव्हतं. देवानं पायात बळ दिलं असेल, नव्हे दिलंच, पण पाऊल मला टाकावं लागलं. आणि टाकलं म्हणून मी तरलो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बुडणाऱ्याला होडीत ओढून घेतलं आणि त्यानं हात वर केला होता म्हणून तो नावाडी होत नाही.

हेच मोठ्या प्रमाणात बघायचं असेल तर देहूला जा. इथून ते फार लांब नाही. १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. पुढं ते देवाच्या वाटेला लागले तेव्हा घरात वडिलांपासूनची कर्जखतं होती. लोकांकडून पैसा येणं होता त्याचे कागद. महिपतीबुवांनी ही हकिकत सांगितली आहे. तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबांना त्यांचे निम्मे कागद दिले, आणि आपल्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीत सोडले. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. स्वतःच्या विरक्तीचं ओझं भावावर टाकलं नाही. हे बारीक आहे, पण आपल्या गावातल्या वाटण्या बघितल्या की कळतं केवढं मोठं आहे.

पुढं काही वर्षांनी त्याच इंद्रायणीत तुकोबांचे दुसरे कागद गेले, अभंगांच्या वह्या. ते मात्र त्यांनी आपण होऊन सोडले नाहीत, सोडायला लागले. नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून ते बसून राहिले, आणि वह्या वर आल्या. संप्रदायाची ही श्रद्धा आहे आणि देहूला तो डोह आपण हात जोडून बघतो.

एकाच नदीत दोन प्रकारचे कागद गेले. कर्जाचे बुडाले ते कायमचे बुडाले, कोणी ते वर काढले नाहीत. अभंगांचे बुडवले तरी तरले. पहिले कागद सोडणं हे तुकोबांचं काम होतं, त्यात देव मध्ये पडला नाही. दुसरे वर आणणं देवाचं, त्यात तुकोबांच्या हातात बसून राहण्याशिवाय काही नव्हतं. आणि ज्या रामेश्वरभट्टांमुळं वह्या नदीत गेल्या, ते पुढं तुकोबांचेच भक्त झाले. विरोध करणाऱ्यालासुद्धा त्या शब्दांनी बाहेर ठेवलं नाही.

आपण मात्र उलट करतो. कर्जाचे, वैराचे, सातबाऱ्यावरच्या हरकतींचे कागद कपाटात कुलपात ठेवतो, आणि गाथा वर्षातून एकदा पुसायला बाहेर काढतो. तुकोबांनी एका ठिकाणी खडसावून सांगितलंय की अर्थ ज्याला कळला त्याचाच वेद, बाकीच्यांनी डोक्यावर ओझं वाहावं. मी सात वर्षं ओझं वाहणारा हमाल होतो. फरक एवढाच की हमालाला मजुरी मिळते, मला हार मिळत होते.

आता शताब्दीच्या निमित्तानं मला तुमच्यापुढं तीन मागण्या ठेवायच्या आहेत.

पहिली, पारायण कमी झालं तरी चालेल, अर्थ कळला पाहिजे. जोग महाराजांनी संस्था कशासाठी काढली? मुलांना ग्रंथ पाठ यावा एवढ्यासाठी नव्हे, समजावा म्हणून. मामासाहेब दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ पासून आपल्या हातात आहे. एका बैठकीला शंभर ओव्या धावत वाचण्यापेक्षा दहा वाचा, आणि त्यातली एक दिवसभर बरोबर ठेवा. शेतात, बसमध्ये, कंपनीत. ती कधी लागेल सांगता येत नाही, पण बरोबर असल्याशिवाय ती लागणार कशी?

दुसरी, दार उघडं ठेवा. आपल्या गावाभोवती नव्या सोसायट्या झाल्या, कुठून कुठून माणसं राहायला आली. आपण त्यांना 'बाहेरचे' म्हणतो. नेवाशाला माउलींनी ज्या कंजूषपणावर बोट ठेवलं तो आपल्या हरिपाठात शिरू देऊ नका. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. देवाचा त्याला कधी विरोध नव्हता. दार माणसांनी लावलं होतं आणि माणसांनाच उघडावं लागलं. तारायचं काम देवाचं खरं, पण दुसऱ्याच्या वाटेत आडवं पडायचं नाही एवढं तर आपल्या हातात आहे.

आणि तिसरी. यंदाच्या वारीला निघायच्या आधी, दिंडीतल्या प्रत्येकानं आपापला एक बांध बघून यावा. कोणाचा शेतातला असेल, कोणाचा सासू-सुनेतला, कोणाचा बापलेकातला. भोक सापडलं तर बुजवा. एकट्यानं बुजत नसेल तर दोन माळकरी बरोबर घेऊन जा. दिंडी कशाला असते मग? ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून पालखी हलते. आपली रोपं तेव्हा वाफ्यात असतात. तोवर वेळ आहे.

आणि हे सगळं जमलं तरी देवाकडं बिल घेऊन जायचं नाही. मी बांध नीट घातला, आता पाऊस दे, असं म्हणता येत नाही. बांध घालायची बुद्धीही त्याच्याच शब्दानं दिली. माउलींनी नऊ हजार ओव्या बोलून झाल्यावर शेवटी काय केलं? हक्क सांगितला नाही, पदर पसरला. आणि मागितलं काय? दुष्टांचा नाश कर असं नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जाऊ दे, आणि माणसामाणसांत जिवाभावाचं नातं जडू दे, असं मागितलं. माझ्या मनातला वाकडेपणा चार बोटांचा होता. तो जावा म्हणून माउली सातशे वर्षांपूर्वी माझ्यासाठी मागून ठेवून गेले, आणि मी दररोज ते मागणं स्वतःच्या तोंडानं म्हणत होतो.

तो हिंजवडीचा पोरगा आज मांडवात आला आहे. बाळा, सासवडचं उत्तर आज दिलं. उशीर झाला, पण हिशोब राहिला नाही. घाट चढायचा तो आपणच. घाट चढून पोचलो म्हणजे पंढरी आपण बांधली असं मात्र नाही. ती आधीपासून उभी आहे, आणि तो विटेवर आपलीच वाट बघत उभा आहे.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर लेकरू म्हणून पदरात घ्या.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!